डावा मागचा

भंडारदऱ्याहून परत येताना घोटीला चहाला थांबलो होतो. मे महिना, दुपारचे साडेतीन, डांबर नुसतं चकाकत होतं. आम्ही सगळे उतरून सावलीत पळालो आणि आमचे तात्या नेहमीप्रमाणे गाडीला प्रदक्षिणा घालायला लागले. ही त्यांची जुनी सवय, लासलगावला पिकअपमधून कांदे न्यायचे तेव्हापासूनची. गाडी थांबली की आधी चारही टायरला हात लावायचा, तोही तळहात नाही, हाताची उलटी बाजू, पोराच्या कपाळाला ताप बघायला लावतो तशी, आणि मग चहा. आले, बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "डावा मागचा तापलाय."

मी म्हटलं, "तात्या, उन्हाची बाजू आहे ती."

ते काही बोलले नाहीत. चहा संपवला आणि शेजारच्या पंक्चरवाल्या पोराला बोलावून आणलं. पोरगा खाली बसला, टायरच्या आतल्या अंगाने हात फिरवला आणि एके ठिकाणी थांबला. मग माझा हात धरून तिथे नेऊन ठेवला. लिंबाएवढा फुगा. मला वाटलं होतं मऊ लागेल, पण चांगला टणक होता आणि बाकीच्या टायरपेक्षा गरम. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि आम्ही याच टायरवर सहा माणसं नाही म्हणा, पाचच, पण मागे अख्खं घर घेऊन घाट उतरून आलो होतो.

घर म्हणजे काय ते सांगतो. माझ्याकडे जुनी बोलेरो कॅम्पर आहे, डबल कॅबिन, मागे हौदा. नावात कॅम्पर आहे पण त्यात झोपायची सोय शून्य, नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं देव जाणे. तर म्हटलं नावाला जागू या. मी अंबडला टूलरूममध्ये आहे, फॅब्रिकेशनवाले ओळखीचे, त्यामुळे अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपाचा सांगाडा, वरून शीट, आत एक मोठा पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी, दोन पंखे असा डबा आम्ही पाच-सहा रविवारांत उभा केला. हा डबा गाडीला वेल्डिंग केलेला नाही, हौद्यात ठेवून चार कोपऱ्यांना टर्नबकलने, म्हणजे फिरवून ताणायच्या स्क्रूने, आवळलेला आहे, खाली चार पाय आहेत, नको तेव्हा उतरवून अंगणात उभा करता येतो. आरसीवर जे लिहिलंय त्यात परस्पर बदल करायचा नाही असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, म्हणून हा उतरवता येणारा डबा. बायको त्याला "खोपटं" म्हणते. पोरीने दारावर "खोपटं" असं रंगवलंसुद्धा आहे, त्यातला "ट" जरा जास्तच मोठा झालाय.

तर त्या दिवशी स्टेपनी लावून पन्नासच्या वर न जाता नाशकात आलो. आणि खरं सांगतो, फुग्याचं वाईट वाटण्याऐवजी मला आतून आनंदच झाला होता. कारण आता टायर बदलावे लागणार आणि बदलायचेच आहेत तर मग... हे "मग" माझ्या मोबाइलमध्ये आठ महिन्यांपासून सेव्ह करून ठेवलेलं होतं. काळे मॅगव्हील, म्हणजे अॅलॉयची चाकं, बाहेर आलेले, आणि त्यावर ते मोठ्या गोट्यांचे मड टायर. गंगापूर धरणाच्या काठावर गाडी तिरकी उभी केलीय, मागे सूर्य मावळतोय, असा फोटोही डोक्यात तयार होता. साइजही ठरवला होता, सध्याचा २३५/७५ आर १५ (रुंदी २३५ मिलिमीटर, टायरची भिंत तिच्या ७५ टक्के, चाक १५ इंची) काढायचा आणि २६५/७५ आर १५ टाकायचा. रुंद आणि उंच. का, तर दिसतो चांगला. दुसरं कारण मला आजही सांगता येणार नाही.

टायरसाठी आम्ही वर्षानुवर्षं आडगाव नाक्याकडच्या एका अण्णांकडे जातो. मूळचे केरळचे, पण नाशकात इतकी वर्षं झाली की त्यांचं मराठी आमच्या पोरीपेक्षा बरं आहे, फक्त क्रियापद कुठे संपवायचं याबाबत ते थोडे स्वतंत्र विचाराचे आहेत. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर कॉम्प्रेसर आणि टायरच्या उतरंडी. द्राक्षाच्या सीझनला तिथे पिकअपची रांग असते, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत अण्णांना जेवायला वेळ नसतो. मी त्यांना मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "वजन किती?"

मी म्हटलं, "चाकाचं?"

"चाकाचं नाय. तुझ्या घराचं."

मी अंदाजे सांगितलं, असेल पाचशे-सहाशे किलो. अण्णा म्हणाले, अंदाज नको, काट्याची चिठ्ठी आण, मग टायर सांगतो. आणि रिकाम्या गाडीची नको, जसा फिरायला निघतो तसा भरून आण, पाणी भरून, गॅस भरून, बायको-पोरं बसवून. मला वाटलं टाळतायत. पण जुना टायर मशीनवरून काढताना त्यांनी त्याच्यावरचा एक चार आकडी नंबर मला बोटाने दाखवला, ३८१६. म्हणजे २०१६ सालचा अडतिसावा आठवडा. मी गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा टायरची नक्षी चांगली खोल दिसली म्हणून खूश झालो होतो, तो आकडा काय असतो हेच मला माहीत नव्हतं. सातपूरला टायरचा कारखाना असलेल्या गावात जन्म काढला, त्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या शेजाऱ्यांचं घड्याळ चालायचं, आणि टायरवर लिहिलेलं वाचता येत नाही. घ्या.

मग काटा. महामार्गाच्या कडेला एक वजनकाटा आहे, कांदा-टोमॅटोच्या गाड्या येतात तिथे, आम्ही रविवारी सकाळी सहकुटुंब गेलो. टाकी तुडुंब, सिलिंडर भरलेला, आईच्या डब्यासकट. काटेवाल्या दादांनी विचारलं माल काय आहे, बायको म्हणाली आम्हीच. आधी अख्खी गाडी, २६४० किलो. आरसीवर जेवढं एकूण वजन चालतं त्याच्या आत, म्हणून मी निवांत झालो. मग अण्णांनी सांगितल्याप्रमाणे फक्त पुढची चाकं काट्यावर, १०६०. मग फक्त मागची, १५८०. इथपर्यंत काटेवाले दादा हसत होते. त्यानंतर मी म्हटलं आता फक्त डावं मागचं चाक घ्यायचंय, बाकीची तीन काट्याच्या बाहेर, तेव्हा मागे टोमॅटोच्या तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. दादांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कांद्याची एकेक पात मोजायला आणलीय. पण घेतलं बिचाऱ्यांनी. काठाची जमीन आणि काटा एका लेव्हलला होते म्हणून जमलं.

डावं मागचं ८५०. म्हणजे उजव्याला उरले ७३०.

एकशे वीस किलोचा फरक. मी ती चिठ्ठी हातात धरून डब्याच्या आत गेलो आणि दारातून नुसतं बघितलं तरी कळलं. पाण्याची साठ लिटरची टाकी डावीकडे. त्याच्याखाली इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी, तीही पंचावन्न-साठ किलोची, डावीकडे. ओटा डावीकडे, कडप्प्याचा, कारण बायकोला पत्र्याचा ओटा नको होता आणि मलाही खरं तर कडप्पाच आवडतो. सिलिंडर, शेगडी, भांडी, डबे सगळं डावीकडे. उजवीकडे पलंग, म्हणजे गादी आणि गादीखाली पोकळी. पलंगावर सकाळचं ऊन येऊ नये म्हणून मी तो तिकडे घेतला होता. ऊन कुठून येतं याचा विचार केला, वजन कुठे जातं याचा केला नाही.

चिठ्ठी घेऊन अण्णांकडे. त्यांनी माझ्या जुन्या टायरवरचा १०५ हा आकडा दाखवला. हा लोड इंडेक्स, त्याचा तक्ता असतो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०५ म्हणजे ९२५. मी म्हटलं मग काय, माझं ८५०, टायरचं ९२५, आतच आहे की. तर ते म्हणाले, टायरवर साइजच्या आधी कुठलं अक्षर आहे ते बघ. तिथे पी होता. पी म्हणजे पॅसेंजर, मोटारीचा टायर. मोटारीचा टायर माल वाहणाऱ्या गाडीला लावला की त्याचा आकडा पूर्ण धरायचा नाही, अमेरिकेत तर नियमच आहे की १.१ ने भागायचं. ९२५ भागिले १.१ म्हणजे ८४१ च्या आसपास. आणि माझं ८५०.

मी तो भागाकार मोबाइलवर दोनदा केला. नऊ किलो. नऊ किलो जास्त हे ऐकायला काहीच नाही, आपण लग्नाच्या सीझनला तेवढे वाढतो. पण हे सपाट काट्यावर उभ्या गाडीचं वजन आहे. घाटात वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकांवर वजन ढकललं जातं, आणि आमचं खोपटं उंच, त्यामुळे जास्तच. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हाचं तर विचारूच नका. अण्णा म्हणाले, हा फुगा खड्ड्याचाच, आत दोरे असतात ते तुटले की हवा तिथून बाहेर ढकलते, पण वजन बेताचं असतं आणि टायर एवढा जुना नसता तर कदाचित तोच खड्डा त्याने पचवला असता. आणि तापण्याचं कारण वेगळं, टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, दबते आणि सुटते, वजन जास्त असलं किंवा हवा कमी असली की जास्त दबते आणि तेवढी जास्त तापते. तार वाकवून वाकवून तोडताना ती गरम लागते ना, तसंच. हे ऐकताना मला तात्यांचा हात दिसत होता.

आता दोन रस्ते होते, टायर वाढवायचा किंवा सामान कमी करायचं, आणि मी अर्थात पहिलाच रस्ता धरला असता. पण तात्यांना चिठ्ठी दाखवली तर ते म्हणाले, गाडी घेऊन गावाला या. आमचं गाव निफाड तालुक्यात, खळ्यावर कांद्याचा काटा आहे, तो जुना वजनं ठेवायचा नाही, आता इलेक्ट्रॉनिक आहे. तात्यांनी डबा रिकामा करायला लावला आणि एकेक वस्तू काट्यावर. तात्या आकडा बोलणार, पोरगी वहीत लिहिणार. माझा एक दिवस गेला पण असा दिवस परत मिळणार नाही.

गादी १४ किलो. बिडाचा तवा साडेतीन. खलबत्ता, हो खलबत्ता, ४ किलो ३००, कारण आईला मिक्सरची चटणी चालत नाही आणि डोंगरात मिक्सर चालणार नाही. चार फोल्डिंग खुर्च्या १६. माझी टूलकिट २२, हिच्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही असं मी आधीच सांगितलं होतं, तरी बोलले. पोरीचं एक पोतं निघालं, आतमध्ये दगड. साल्हेरहून, हरिहरहून, रामशेजहून आणलेले, प्रत्येकावर स्केचपेनने नाव आणि तारीख. ११ किलो. तात्या काट्यावरचा आकडा बघत बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "हे राहू दे. उजवीकडे ठेव." दगड! आणि माझी टूलकिट मात्र अर्धी काढली.

कडप्पा गेला, बायकोने स्वतःच नको म्हटलं, आकडा ऐकल्यावर. ट्युब्युलर बॅटरी घरातल्या इन्व्हर्टरला दिली आणि तिच्या जागी शंभर अँपिअर-अवरची लिथियमची घेतली, ती बारा किलोच्या आसपास भरते, महाग आहे पण उचलताना कंबर शाबूत राहते. पाण्याची टाकी मधोमध, आणि जमेल तेवढी पुढे, मागच्या एक्सलच्या मागे लटकणारं वजन जितकं कमी तितकं बरं, कारण मागे लटकलेलं वजन पुढची चाकं उचलतं आणि मग स्टेअरिंग हलकं लागतं. ते हलकं स्टेअरिंग मला आठ महिने आवडत होतं हो, वाटायचं गाडी काय मख्खन चालते.

दुसऱ्यांदा काट्यावर गेलो तेव्हा दादांनी ओळखलं, म्हणाले आले का कुटुंब. एकूण २५२० झालं होतं. मागे डावं ७४५, उजवं ७३५.

आता अण्णा टायरबद्दल बोलायला तयार झाले. साइज तोच, २३५/७५ आर १५, पण आधी पी नाही, एलटी, म्हणजे लाइट ट्रकचा, सहा पीआर, म्हणजे सहा थरांच्या ताकदीचा. लोड इंडेक्स १०४/१०१. दोन आकडे का, तर पहिला मागे एकेक चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाक असेल तेव्हाचा. माझ्या डोक्यात लगेच आलं, अरे १०४ म्हणजे ९००, आधीचा तर ९२५ होता, पैसे जास्त देऊन टायर कमी ताकदीचा घेतोय की काय? पण या ९०० ला भागायचं नाही, तो टायर याच कामासाठी केलेला आहे, भिंत कडक, आत दोऱ्यांचं काम जास्त. माझ्या ७४५ वर चांगली दीडशे किलोची जागा राहते.

फक्त यात एक मेख आहे आणि ती मला अण्णांनी तीनदा सांगितली म्हणून मीही सांगतो. ते ९०० किलो ५० पीएसआय हवेला आहेत. माझा जुना पी टायर ३५ पीएसआयलाच त्याचं पूर्ण वजन पेलत होता. तुम्ही एलटी टायर टाकला आणि पंपावरच्या पोराला सवयीने "पस्तीस मार" म्हणालात, तर त्या पस्तीसला हा नवा महागडा टायर जुन्यापेक्षाही कमी वजन पेलतो. वजन टायर नाही पेलत, हवा पेलते, टायर फक्त हवेला धरून ठेवतो. कितीतरी लोक जाड टायर टाकून जुनीच हवा ठेवून फिरतात आणि मग म्हणतात टायर खराब निघाला. आम्ही कंपनीच्या तक्त्यावरून मागे ४५ आणि पुढे ३५ ठरवले. पंपावरचा पोरगा दर वेळी घाबरतो, "साहेब फुटंल", मी दर वेळी त्याला टायरच्या भिंतीवरचं बारीक अक्षर दाखवतो, तो दर वेळी मान हलवतो आणि दोन पावलं मागे उभा राहून हवा मारतो.

हवा सकाळी, गार टायरला बघायची. आणि निफाडकरांनी तर विशेष, कारण आमच्याकडे थंडीत पारा इतका खाली येतो की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि उन्हाळ्यात चाळिशी गाठतो. साधारण साडेपाच-सहा अंश तापमान बदललं की एक पीएसआय इकडचा तिकडे होतो. म्हणजे मेमध्ये भरलेली हवा डिसेंबरात काही न करता पाचेक पीएसआय उतरलेली असते. पंक्चर नाही, काही नाही, नुसती थंडी.

राहिलं माझं स्वप्न, मॅगव्हील आणि मड टायर. मड टायरचं अण्णांनी एका वाक्यात आटोपलं, "तू चिखलात किती जातो?" मी विचार केला. वर्षातून दोनदा, तेही हॉटेलच्या पार्किंगमध्ये. आणि आपली काळी माती, तिच्यात गोट्या कितीही मोठ्या असोत, दहा पावलांत भरून टायरचा गुळगुळीत लाडू होतो, हे ज्याने पावसाळ्यात शेतात ट्रॅक्टर अडकलेला बघितलाय त्याला सांगायला नको. वर डांबरावर आवाज, आणि मोठ्या सुट्या गोट्या वजनाखाली वळवळतात, उंच डब्याची गाडी आणखी डुलते. उंच साइजचं गणित मी स्वतःच केलं. २३५/७५ ची उंची ७३३ मिलिमीटर आणि २६५/७५ ची ७७८. सहा टक्के फरक. म्हणजे मीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी चौसष्टने पळत असेल, घाटात गिअर कमी पडेल, ब्रेकला जास्त ताकद लागेल, आणि एवढं करून गाडी उंच होणार किती, तर निम्मी, सव्वादोन सेंटिमीटर. त्यात गाडीला मंजूर नसलेला साइज, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाल्यांना आयतं कोलीत. आम्ही चारही रस्त्याचे टायर घेतले, किंचित जाड नक्षीचे, मुरमाच्या वाटेला पुरतील असे. स्टेपनीसुद्धा तशीच, पाचवी. स्टेपनीला जुना पी टायर ठेवायचा मोह झाला होता पण घोटी आठवली.

मॅगव्हील मात्र मला सोडवत नव्हते. एका चकाचक शोरूममध्ये गेलो, तिथे ते भिंतीवर लावलेले, लाइट मारलेले, दागिन्यासारखे. पाच बोल्टचा हिशेब जुळत होता, किंमत जुळवली असती. मी सेल्समनला म्हटलं जरा काढून उलटं करता का. तो म्हणाला पुढून बघा ना सर. मी म्हटलं पुढून आठ महिने बघितलंय. त्याने काढून काउंटरवर पालथं घातलं आणि मी मोबाइलचा टॉर्च मारून आतल्या बाजूला शोधत बसलो. चाकालाही स्वतःचं वजन लिहिलेलं असतं, ओतकामातच उठवलेलं असतं, बारीक. सापडलं. ६०० किलो. चार महिन्यांपूर्वीच्या डाव्या मागच्याला ८५० होते. दुसरं एक मॉडेल होतं त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तो म्हणाला काही होत नाही सर, सगळे लावतात. शिवाय ती चाकं बाहेर येणारी होती, म्हणजे वजन बेअरिंगवर मधोमध न पडता बाहेरून लोंबकळणार. जड गाड्यांसाठी केलेले, जास्त वजनाचा शिक्का असलेले मॅगव्हीलही मिळतात, नाही असं नाही, पण त्या किमतीत आमचं आणखी एक खोपटं झालं असतं.

तर आमच्या गाडीला आज लोखंडाच्या डिस्कच आहेत, कंपनीच्या, पॉलिश करून चंदेरी रंग मारलेल्या. त्याही अण्णांनी एकेक फिरवून बघितल्या, एकीला नटाच्या भोकाजवळ केसासारखी चीर निघाली, ती बदलली. खड्ड्यात लोखंडी डिस्क वाकते, मॅग तडकतं, आणि वाकलेली घोटीचा पोरगाही हातोड्याने सरळ करून देतो. नट पानाने आवळले आणि पन्नासेक किलोमीटर चालवून परत आवळायला बोलावलं. मित्र म्हणतात एवढा खर्च करून गाडी भाजीवाल्याची दिसते. दिसते खरी. सिंहस्थाच्या कामांसाठी सगळं शहर खणून ठेवलंय त्यात मात्र माझी भाजीवाल्याची गाडी मजेत चालते, फक्त डबा उतरवून रिकामी चालवली की दात वाजतात, एलटी टायर रिकाम्या गाडीला लाकडासारखा लागतो. मग मी हवा थोडी उतरवतो आणि डबा चढवायच्या दिवशी परत भरतो, आणि दोन्ही आकडे डॅशबोर्डवर चिकटवून ठेवलेत, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही.

परवा पेठ रोडने निघालो होतो, बऱ्याच दिवसांनी तात्या बरोबर होते. सावळ घाटातही गाडी अशी सरळ गेली की मागे बसलेल्या आईला घाट संपल्यावर कळलं घाट होता. पुढे एका टपरीवर थांबलो. उन्हं कलती होती. तात्यांना आता गुडघ्याचा त्रास आहे, उतरायलाच त्यांना दोन मिनिटं लागली, मी म्हटलं बसा, मी बघतो, आणि मीच फिरलो, उलटा हात लावत. पुढचे दोन्ही कोमट. उजवा मागचा कोमट. डावा मागचा गरम.

पोटात गोळाच आला. खाली बसून आतल्या बाजूने पूर्ण हात फिरवला, एकदा सरळ, एकदा उलटा. काही नाही. गेज लावलं, दोन्ही मागच्यांची हवा सारखी, चालून वाढते तेवढीच वाढलेली. तरी परत हात लावला, गरमच. तात्यांना जाऊन सांगितलं. ते काठी टेकत आले, वाकता येत नव्हतं तर काठी माझ्या हातात देऊन डब्याला धरून वाकले, टायरला हाताची मागची बाजू लावली, मग डब्याच्या डाव्या पत्र्याला लावली, मग परत टायरला.

"उन्हाची बाजू आहे ती," म्हणाले, आणि चहाकडे चालायला लागले.